फ्लेक्सवरचा भागीदार

मेलेल्या तांडेलाला मी फ्लेक्सवर बोटीचा भागीदार करून टाकलं. त्या बोटीत त्याचा एक खिळासुद्धा नव्हता.

हे मी पैसे घेऊन केलं नाही, कुणाच्या दडपणाखाली केलं नाही, पिऊन तर नाहीच नाही. सकाळी नऊ वाजता, चहाचा कप हातात धरून, पूर्ण शुद्धीत केलं. त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी शिल्लक राहिलेलं नाही. मी शोधून पाहिलं.

मुंबईत एका छापखान्यात मी तीस वर्षं प्रुफं तपासली. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतला. रिटायर होऊन गावी आलो, मिठबावच्या अलीकडे, आणि महिन्याभरात गावाला पत्ता लागला की ह्या माणसाला काना-मात्रा कळतात. झालं. तेव्हापासून गावातल्या सगळ्या फ्लेक्सचा मजकूर माझ्याकडे. त्यातले बहुतेक श्रद्धांजलीचे, कारण आमच्या गावची माणसं वाढदिवस मुंबईत करतात आणि मरायला गावी येतात.

माझा हात विशेषणांत चांगला. ज्याने शेजाऱ्याला विहिरीवर कळशी बुडवू दिली नाही, त्याला मी ‘दानशूर’ केलं. सख्ख्या भावाशी कुंपणावरून उभा जन्म कोर्टात भांडला, तो माझ्या फ्लेक्सवर ‘कुटुंबवत्सल’ होऊन हात जोडून हसत उभा राहिला. कधी कुणाची तक्रार नाही. मेलेला बोलत नाही आणि जिवंतांना वाचायला बरं वाटतं. मी मजुरी काही घेत नसे. फक्त खाली उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, ‘शब्दांकन’ लिहून पुढे माझं नाव. एवढीच हौस. एवढ्याच हौसेने पुढे मला कोर्टात नेऊन उभं केलं.

तांडेल आमच्यापासून तिसऱ्या घरातला. चाळिशी ओलांडलेला, अबोल, पाण्याचा रंग पाहून मासळी सांगणारा. बोट दुसऱ्याची, हा ती चालवायचा आणि खलाशांना सांभाळायचा. मे महिन्याची अखेर होती. पावसाळ्यातली मासेमारीबंदी लागायला चारच दिवस राहिले होते आणि वारा फिरला होता. जाळं ओढताना विंचचा दोर तुटला आणि त्याच्या छातीवर बसला. बोट बंदराला लागली तेव्हा खलाशांनी त्याला बर्फाच्या खणाजवळ निजवला होता, तोंडावर कुणाचा तरी टॉवेल. मागे बायको, अकरावी झालेली मुलगी आणि म्हातारी आई. आई पाटी घेऊन मासे विकणारी. विधवाच, तीही समुद्रानेच केलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटमालक माझ्याकडे आला. अनवाणी. रात्रभर झोपला नव्हता.

‘काकानू, बरा लिवा. खर्चाचा बघू नकात. माझो तांडेल नाय, माझो भाव गेलो.’

मी फोटो पाहिला. कुणाच्या तरी लग्नातला, पांढरा शर्ट, कपाळाला टिळा. खाली मी लिहिलं, ‘मच्छीमार बोटीचे तांडेल’. लिहून पाहिलं तर ओळ आखूड पडत होती. वरची ओळ लांब, खालची लांब, मधेच ही तुटक. प्रुफं तपासून तपासून डोळ्यांना खोड लागलेली असते, आखूड ओळ सलते. शिवाय नुसतं ‘तांडेल’ म्हणजे फारच उघडंवाघडं वाटलं. मी पुढे लिहिलं, ‘व भागीदार’. ओळ भरली.

‘चलात मां?’ मी विचारलं.

‘चलात काय? अर्धी बोट तेचीच होती, काकानू,’ असं म्हणून मालक माझ्या ओसरीवर बसून लहान पोरासारखा रडला. तो नाटक करत नव्हता. हे मी तेव्हाही जाणत होतो आणि आजही सांगतो.

आता हे परगावच्या माणसाला समजायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्या बोटींवर गावचा माणूस पगार घेत नाही. मासळी विकली की डिझेल-बर्फाचा खर्च आधी निघतो, मग बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, आणि उरेल त्यात सगळे खलाशी. तांडेलाला इतरांपेक्षा थोडं जास्त. मासळी नाही मिळाली तर सगळ्यांना वाटून काहीच नाही. पगारावर असतात ते हंगामापुरते बाहेरून आलेले खलाशी. गावच्या माणसाला ‘पगारी’ म्हटलं तर त्याला राग येतो. तो वाटेकरी. बोट दुसऱ्याची, जीव आपला, पण ऐट वाट्याची. त्या ऐटीला मी एक छापील शब्द दिला.

फ्लेक्स तिठ्यावर लागला. तांडेलाच्या आईला वाचता येत नव्हतं. सुतकातच ती तिठ्यापर्यंत आली आणि मलाच म्हणाली, ‘वाच.’ मी वाचून दाखवलं.

‘भागीदार म्हणजे काय रे?’

‘मालकाच्या बरोबरीचो.’

तिने वर फोटोकडे बघितलं. मग म्हणाली, ‘जितो होतो तेव्हा कोणी सांगूक नाय तेका.’

मला वाटलं, ही शाबासकीच. तसा मी हुशार.

तेरावं झाल्यावर तांडेलाच्या बायकोला माहेरच्या कुणीतरी सांगितलं की कामावर असताना माणूस मेला तर कायद्याने घरच्यांना भरपाई मिळते. बायकोला, मुलांना, विधवा आईला. ती कणकवलीच्या एका वकीलबाईंकडे गेली. बाईंनी कागद केले, ओरोसला जिल्ह्याच्या कोर्टात दावा लागला. मागणं अगदी सरळ होतं. मुलीची बारावी पुढच्या वर्षी होणार होती, तिला नर्सिंगला जायचं होतं आणि बाप असता तर त्याने पाठवलीच असती. ह्या एकाच गोष्टीसाठी ती बाई पदर खोचून उभी राहिली. स्वतःसाठी तिने काही मागितल्याचं मी ऐकलं नाही.

मालकाने बोटीचा विमा उतरवला होता, माणसांचा उतरवला नव्हता. लोखंड बुडालं असतं तर पैसे आले असते. म्हणजे आता भरपाई द्यायची ती त्याच्या खिशातून, आणि खिसा बँकेकडे गहाण. तो वाईट माणूस नव्हे. पहिले दोन महिने त्याने तांडेलाच्या घरी तांदूळ पोचवले. पण नोटीस हातात पडली की चांगला माणूससुद्धा वकिलाकडे जातो, आणि वकिलाला सगळ्यात आधी काय दिसलं, तर तिठ्यावरचा माझा फ्लेक्स.

दिवाळीच्या तोंडावर तांडेलाची बायको कागद घेऊन माझ्या ओसरीवर आली. मालकाचं लेखी म्हणणं होतं ते. मयत इसम हा कामगार नसून बोटीच्या धंद्यात भागीदार होता, नफातोट्यात वाटेकरी होता, सबब भरपाईचा प्रश्नच येत नाही. सोबत पुरावा म्हणून फ्लेक्सचा रंगीत फोटो. खालच्या कोपऱ्यातलं बारीक अक्षर चांगलं मोठं करून काढलेलं. ‘शब्दांकन’, आणि पुढे मी.

‘काकानू, ह्या तुमीच लिवलास मां?’

‘होय गो. पण ता असाच आपला... शोभेक.’

‘शोभेक,’ ती म्हणाली. चिडून नाही. नवीन शब्द ऐकल्यासारखी. मग म्हणाली, ‘मगे थंय येवन इतक्याच सांगा. शोभेक लिवलंय म्हणान. वकीलबाई म्हणता, तुमची साक्ष झाली काय तेंचो वकील तडजोडीक येतलो. चेडवाच्या फीचे पैसे तरी सुटतीत.’

‘येतंय मगे! कित्याक येवचंय नाय?’

तारीख लागली जूनमध्ये. मुलीचा बारावीचा निकाल लागला होता, मार्क चांगले होते. आणि तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मला ताप आला.

हा ताप मोठा चमत्कारिक होता. थर्मामीटर लावला की उतरायचा, बाजूला ठेवला की चढायचा. खरं सांगायचं तर मला मालकाची भीती नव्हती. भीती होती ती ‘शब्दांकना’ची. भर कोर्टात उभं राहून सांगायचं की मी लिहितो ते खोटं असतं? मग दानशूराच्या मुलग्यांनी काय करायचं? कुटुंबवत्सलाच्या सुनेने कुठे बघायचं? आणि उद्यापासून माझ्याकडे मजकूर घेऊन कोण येणार? तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेनाने खुणा करणाऱ्याला स्वतःची एक चूक सांगताना अंगात कसकस भरली.

माझ्या बायकोने पेज आणून ठेवली आणि विचारलं, ‘तुमका ताप आंगाक इलो काय तोंडाक?’

मी कूस बदलली.

तारीख पुढे गेली. मग न्यायाधीश रजेवर, मग आणखी काही, असं करत थेट ऑक्टोबर. दरम्यान नर्सिंगचे प्रवेश संपले. मुलगी तारकर्लीच्या बाजूला एका निवासात कामाला लागली. पर्यटकांच्या खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या. मी जूनला गेलो असतो तर पैसे वेळेवर सुटले असतेच असं नाही. कोर्टाच्या कामात कशाने काय झालं असतं हे मला कळत नाही. पण ‘सुटले नसतेच’ असंही मला म्हणता येत नाही, आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की मला हे दुसरं वाक्य ऐकू येतं.

ऑक्टोबरात गेलो. परतीचा पाऊस चालू होता. आमच्याकडून ओरोसला वेळेवर पोचवील अशी सकाळची एकच एस्टी, कणकवलीला बदलायची. त्यामुळे दावा लावणारी, दावा लढवणारा आणि साक्षीदार असे आम्ही सगळे एकाच गाडीत. गाडी भरलेली. तांडेलाची आई दांडा धरून उभी होती. मालक उठला.

‘आये, बस गे हयसर.’

म्हातारी बसली. त्याच्याकडे बघितलं नाही, नको म्हणाली नाही. तो तिच्या डोक्यावर दांडा धरून उभा राहिला, आणि वळणावर गाडी कलंडली की तिला धक्का लागू नये म्हणून पाय रोवत होता. त्याच्याच विरुद्ध ती चालली होती. मला मात्र बसायला जागा मिळाली होती आणि मी ती सोडली नाही.

कोर्टात मालकाच्या वकिलाने फ्लेक्सचा फोटो माझ्यासमोर धरला.

‘हा मजकूर तुमचा?’

‘हो.’

‘कुणी दबाव आणला होता?’

‘नाही.’

‘म्हणजे जे लिहिलंत ते खरं आहे.’

‘नाही. खोटं आहे.’

‘तुम्ही खोटं लिहिता?’

‘श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर... हो. सगळेच. म्हणजे मीच, पण सगळ्यांचे.’

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. मी खिशातून मोबाईल काढून दानशूराचा फ्लेक्स दाखवायला लागलो. ते म्हणाले, ‘राहू द्या.’ मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. चार महिन्यांपूर्वी ज्या हसण्याला भिऊन मी अंथरूण धरलं होतं, ते एवढंसं होतं. खोकल्याएवढं.

वकील सोडणारा नव्हता. ‘म्हणजे आपण सवयीने खोटं लिहिता. मग आज इथे सांगताय ते खरं कशावरून?’

ह्याला मी फक्कड उत्तर दिलं. म्हणालो, साहेब, खोटं लिहायचं असतं तेव्हा मी विशेषणं वापरतो, आज एकही वापरलेलं नाही. फक्त हे उत्तर मला परतीच्या एस्टीत सुचलं, कसाल सोडल्यावर. कोर्टात मी घसा खाकरला आणि कठड्याकडे बघितलं. वकील ‘दॅट्स ऑल’ म्हणून बसला. वकीलबाईंनी कपाळाला हात लावलेला मला दिसला. तांडेलाच्या बायकोकडे मी बघितलंच नाही.

माझ्या साक्षीने दावा बुडाल्यात जमा होता. वाचवला तो मालकाने.

दुपारनंतर वकीलबाईंनी त्याला उभा केला. बोट कुणाच्या नावावर, लायसन्स कुणाचं, जाळं फाटलं तर नवं कोण घेतं, बँकेचा हप्ता कोण भरतं. सगळ्याला तो ‘मी, मी’ म्हणत गेला. शुद्ध मराठीत, सावकाश, पढवल्यासारखा. मग बाईंनी आवाज न चढवता विचारलं, ‘त्या दिवशी वारा होता. तांडेल समुद्रात जायला तयार होता का?’

मालकाचा वकील उठायला लागला, त्याआधीच मालक बोलला, आणि मालवणीत बोलला.

‘नको म्हणी होतो तो. चार दिस रवले, बोट वर काढूया म्हणी होतो.’

‘मग का गेला?’

‘मी सांगितलंय. डिझेल भरून झाला हा, जा, म्हटलंय. मीच धाडलंय तेका.’

टाइप करणारी बाई थांबली आणि तिने न्यायाधीशांकडे पाहिलं. ते म्हणाले, ‘त्यांनी म्हटलंय तसंच घ्या.’

ज्याला ‘जा’ म्हटल्यावर जावं लागतं तो भागीदार नव्हे, हे कळायला कायदा शिकावा लागत नाही. मलाही कळलं असतं, त्या सकाळी ओळ आखूड पडत नसती तर. म्हातारी मागच्या बाकावर बसली होती. तिने डोळे मिटून घेतले. मुलगा नको म्हणत होता, हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

शिमग्याच्या आधी निकाल आला. मयत हा कामगारच होता, वाटा ही केवळ मजुरी देण्याची पद्धत, भरपाई द्यावी. माझ्यासाठी त्यात एक ओळ होती: फ्लेक्सवरील मजकूर हा शोकाच्या भरात केलेली अतिशयोक्ती असून तो विश्वासार्ह मानता येत नाही. इतकी वर्षं लिहिल्यावर माझ्या लिखाणावर आलेला हा पहिला आणि एकमेव छापील अभिप्राय.

मालकाने अपील केलं नाही. बोट विकली. रत्नागिरीकडच्या कुणीतरी घेतली, बँकेने आपले आधी काढून घेतले, उरले ते कोर्टात भरले. ते पुरे झाले नाहीत, बाकीचे तो अजून भरतो आहे. आता तो दुसऱ्याच्या बोटीवर जातो. पगारावर. विकलेल्या बोटीवरच्या सहा खलाशांपैकी चार मजुरीला गोव्यात गेले, आणि गावात बायका पाण्यावर एकमेकींना सांगतात की तांडेलाच्या बायकोने चालती बोट खाल्ली. असं काही ऐकलं की मी मान खाली घालून पुढे जातो. मधे पडून सांगावं, बाई गो, त्यात माझाही वाटा आहे, एवढं धैर्य माझ्यात आलेलं नाही.

पैसे आले तेव्हा मी मुलीला म्हटलं, ‘आता जा नर्सिंगाक.’ ती निवासातून चार दिवसांसाठी घरी आली होती. हातांना फिनेलचा वास. म्हणाली, ‘आता काय ता, काकानू. इंग्लिश सगळा विसारलंय. आणि आजयेक बघूक कोण?’ आणि आत निघून गेली. आईनेही पुन्हा विषय काढला नाही. ते पैसे बँकेत आहेत, मुलीच्या नावाने. ज्याच्यासाठी मागितले ते तेवढं राहिलं.

परवा मे महिन्यात तांडेलाला जाऊन दोन वर्षं झाली. मी त्यांच्याकडे गेलो. तांडेलाची बायको कामाला गेली होती. म्हातारी अंगणात सुकट वाळत घालत होती. कडेला पावसाळ्याची लाकडं रचलेली, आणि लाकडांवर तोच फ्लेक्स, दगड ठेवून ताणून बसवलेला. पांढऱ्या शर्टातला तांडेल आकाशाकडे बघत होता. उन्हाने रंग उडाला होता, पण ‘भागीदार’ अजून नीट वाचता येत होतं. शाई चांगली वापरतो आमचा फ्लेक्सवाला.

मला कुठे गप्प बसवतं? मी म्हटलं, ‘आये, औंदा मी नवो एक लिवन देतंय. बरोबर असो. नुसतो तांडेल. खाली माझा नाव पण घालूचंय नाय.’

म्हातारीने हात थांबवला नाही. सुकट पसरता पसरता लाकडांकडे मानेने खूण केली.

‘तुझ्या सगळ्या लिवण्यात ह्या एकच कामाक इला. लाकडां सुकी रवतत. आता बाजूक सर, सुकटीर सावली पडता तुझी.’